भट्टीच्या कामाला माणूस तपासून घेताना: नाशिकच्या कारखान्यांत नव्याने रुजू झालेल्यांसाठी

सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या एखाद्या फोर्जिंग, फाउंड्री किंवा हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात तुम्ही नव्याने सेफ्टी ऑफिसर, एचआर किंवा शॉपचे सुपरवायझर म्हणून लागलात, की पहिल्या उन्हाळ्याच्या आत एक काम तुमच्याकडे येतंच. ठेकेदाराने नवी पोरं गेटवर आणून उभी केलेली असतात आणि वरून निरोप येतो, "भट्टीवर कोण टिकेल ते बघून घ्या." हा लेख त्या कामासाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. गेटवर उभ्या असलेल्या माणसाकडे बघून, किंवा एका दिवसाच्या एका चाचणीवरून, तो उष्णतेत टिकेल की नाही हे छातीठोकपणे सांगता येत नाही. धिप्पाड दिसणारा तरुण दुसऱ्या दिवशी कोसळतो आणि पन्नाशीचा सडपातळ भट्टीवाला वीस वर्षं काम करून निवृत्त होतो. पहिल्या दिवशी सुरू होऊन दोन आठवडे रोज चालते, तीच खरी तपासणी. तिचा निकाल "घेतला" किंवा "काढला" असा नसतो. "आज याला किती वेळ आणि कुठे उभं करायचं" असा असतो.

ही कल्पना नवी नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या खोल सोन्याच्या खाणींत उष्माघाताने मजूर मरत होते, तेव्हा १९३० च्या दशकात डॉ. ऑल्डो ड्रेओस्टी यांनी नव्या मजुरांना उष्ण, दमट जागेत फावडं मारायला लावून त्यांच्या शरीराचं तापमान किती चढतं ते मोजलं आणि त्यावरून कोणाला किती दिवस सराव द्यायचा ते ठरवलं. हेतू मजुराला परत पाठवण्याचा नव्हता, त्याला सराव किती लागेल हे कळण्याचा होता. नाशिकमध्ये तुम्हाला तशी उष्ण खोली मिळणार नाही आणि तिची गरजही नाही. एक चांगला वजनकाटा, घड्याळ, तोंडात धरायचा डिजिटल थर्मामीटर आणि एक वही एवढ्यावर बरंच होतं.

आधी जागा मोजा

माणसाला तपासण्याआधी त्याला जिथे उभं करणार ती जागा तपासा. ऑफिसच्या भिंतीवरचं तापमान इथे उपयोगाचं नाही. भट्टीच्या तोंडाशी हवेपेक्षा लाल लोखंडातून थेट अंगावर येणारी धग जास्त त्रास देते, आणि घाम सुकतो की नुसताच गळतो हे हवेतल्या दमटपणावर ठरतं. या सगळ्याचा एकत्र आकडा म्हणजे डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर). छताखाली तो काढायचा तर ओल्या कापडाच्या बल्बचं तापमान गुणिले ०.७, अधिक काळ्या गोळ्याचं (काळ्या रंगवलेल्या पोकळ गोळ्यातल्या थर्मामीटरचं) तापमान गुणिले ०.३. हातात धरायचं मीटर हा आकडा थेट दाखवतं.

समजा, फोर्जिंग हॅमरजवळ ओला बल्ब २६ दाखवतोय आणि काळा गोळा ४५. आकडा येतो ३१.७. आता भट्टी आणि माणूस यांच्यामध्ये चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा लावला आणि गोळा ३६ वर आला, तर तोच आकडा २९ होतो. एका पत्र्याने २.७ अंश उतरतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी आडोसा, भट्टीचं इन्सुलेशन, मॅनकूलर (माणसाच्या अंगावर वारा मारणारा मोठा पंखा), वरचे एक्झॉस्ट, माणसं निवडणं त्यानंतर. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम १३ चंही हेच म्हणणं होतं, की गरम प्रक्रिया वेगळी करा, तापलेले भाग झाका. जी जागा कोणालाच सोसवत नाही, तिथे टिकणारा माणूस शोधत बसणं हे तपासणीचं काम नाही.

नाशिकबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. इथला एप्रिल-मे कोरडा असतो. बाहेर ४० अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला बल्ब जेमतेम २१ च्या आसपास राहतो. जूनच्या सुरुवातीला ढग येतात, तापमान ३३ वर उतरतं, सगळे "सुटलो बुवा" म्हणतात, पण आर्द्रता ७० टक्के झाली की ओला बल्ब २८ च्या वर जातो. शॉपमधल्या माणसासाठी हे दिवस मेपेक्षा वाईट असू शकतात. सरबताचं पातेलं आणि जादा विश्रांती मात्र नेमकी तेव्हाच बंद केली जाते. मृगाचा पाऊस पडला म्हणून मोजणं थांबवू नका.

अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेच्या मर्यादा जगभर वापरल्या जातात. मध्यम कष्टाचं काम जवळजवळ सलग करायचं असेल, तर उष्णतेची सवय झालेल्या माणसासाठी डब्ल्यूबीजीटी २८, आणि सवय नसलेल्यासाठी २५. सवय असणं आणि नसणं यांत तीन अंशांचा फरक आहे. अंगावर दुहेरी कापडाचा सूट असेल तर मोजलेल्या आकड्यात आणखी ३ मिळवायचे.

पहिल्या दिवसाची विचारपूस

फॉर्म हातात देऊन "भरून दे" म्हणाल तर सगळीकडे "नाही" लिहून येईल. त्याला काम हवंय, तो आजार का लिहील? खुर्चीवर बसवा, पाणी द्या, ठेकेदाराला किंवा मुकादमाला खोलीबाहेर थांबायला सांगा आणि बोलत बोलत विचारा. पहिलं वाक्य हे म्हणा: "यातल्या कुठल्याही उत्तरावरून तुमचं काम जाणार नाही." आणि मग ते पाळा. एकदा जरी हे खोटं ठरलं तरी पुढच्या दहा वर्षांत तुम्हाला कोणी खरं सांगणार नाही.

मग विचारा: याआधी उन्हात किंवा भट्टीजवळ कधी चक्कर येऊन पडला होतात का? गावाहून कधी आलात, आणि तिथे काय काम करत होतात? गेल्या आठवड्यात ताप, जुलाब, उलट्या? रोज कुठली गोळी घेता? गोळ्यांची पाकिटं दुसऱ्या दिवशी आणायला सांगा, नावं कोणाच्या लक्षात नसतात. लघवी जास्त करवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, हृदयाचे ठोके मंद करणारे बीटा-ब्लॉकर, झोप आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, मानसिक आजारांवरची काही औषधं यांमुळे शरीराचं पाण्याचं किंवा घामाचं गणित बिघडतं. गोळी बंद करा असं तुम्ही सांगायचं नाही. ते नाव डॉक्टरांपर्यंत पोचवायचं, एवढंच तुमचं काम.

अंगदुखीवर मेडिकलमधून घेतलेल्या गोळ्यांचं वेगळं विचारा, कारण त्यांना कोणी औषध समजत नाही. दिवसभर घाम गाळायचा आणि रात्री डायक्लोफिनॅक घ्यायची, असं महिनोन्महिने चाललं तर मूत्रपिंडाचं नुकसान होतं. कष्टकऱ्यांमध्ये हे फार दिसतं आणि फार उशिरा कळतं.

झोपेबद्दल विचारा. अंबडजवळच्या पत्र्याच्या खोलीत पाच-सहा जण मिळून राहणाऱ्याचं शरीर रात्रीही थंड होत नाही. तो सकाळी शिफ्टला येतो तेव्हाच अर्धा थकलेला असतो. रोजा किंवा नवरात्राचा उपास आहे का, हेही आदराने विचारा. सोडायला लावण्यासाठी नव्हे, त्या दिवसांत त्याला भट्टीपासून दूर किंवा गार वेळेच्या शिफ्टला ठेवता यावं म्हणून. दारू किती, हा प्रश्न शेवटी.

बायकांशी बोलायला बाई असावी. गरोदर आहे का हे विचारावंच लागतं. त्याचबरोबर कारखान्यातलं संडास-बाथरूम वापरण्यासारखं आहे का, हे स्वतः जाऊन बघा. जायला जागा नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या बायका पॅकहाउसपासून बांधकामापर्यंत सगळीकडे आहेत. त्यांची सहनशीलता तपासण्याआधी दाराची कडी दुरुस्त करा.

सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या भागांतून येणाऱ्या कामगारांपैकी काहींकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं कार्ड असतं. आजार नसून फक्त वाहक असलेला माणूसही फार तापलेल्या, पाणी कमी पडलेल्या अवस्थेत एकदम जोराचं काम केल्यास अडचणीत येऊ शकतो. म्हणून कार्ड डॉक्टरांना दाखवायचं. पण वाहक आहे म्हणून काम नाकारणं चुकीचं आहे. सावकाश वाढवलेलं काम, वेळेवर पाणी आणि विश्रांती मिळाली तर ही माणसं बाकीच्यांसारखीच काम करतात. आणि हे कार्ड पाहिल्याचं शॉपमध्ये कोणाला कळता कामा नये.

डॉक्टरांकडे

कारखान्याच्या किंवा औद्योगिक आरोग्याचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडून रक्तदाब, विश्रांतीची नाडी, वजन-उंची, साखर, हिमोग्लोबिन, लघवी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारी रक्ततपासणी) बघून घ्या. वय चाळिशीच्या पुढे असेल तर ईसीजीही. क्रिएटिनिनचा पहिल्या दिवसाचा आकडा जपून ठेवा, पुढच्या वर्षी तुलना त्याच्याशीच करायची आहे. डॉक्टरांना नुसतं "फिटनेस द्या" म्हणू नका. माणूस कुठे उभा राहणार, किती किलो उचलणार, तिथला डब्ल्यूबीजीटी किती, हे एका कागदावर लिहून पाठवा. नाहीतर सही मिळेल, पण ती ऑफिसच्या कारकुनालाही चालेल अशीच असेल.

डॉक्टरांकडून तुम्हाला तीनपैकी एकच उत्तर हवं: चालेल, या अटींवर चालेल, सध्या नको. आजाराचं नाव त्यांच्याकडेच राहू द्या.

पहिले दोन आठवडे

सगळ्यात जास्त जीव या दिवसांत जातात. अमेरिकेच्या ओशा या सरकारी यंत्रणेने म्हटलं आहे, की उष्णतेमुळे कामावर होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे पहिल्याच दिवशी आणि ७० टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात होतात. कारण साधं आहे. सवय नसलेल्या शरीराला घाम उशिरा येतो, त्यातून मीठ जास्त जातं आणि हृदयाला जास्त धावावं लागतं. रोज थोडं थोडं तापवलं की सात ते चौदा दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर आणि भरपूर येतो, त्यातलं मीठ कमी होतं, नाडी खाली येते. हा बदल गोळीने होत नाही, निर्धाराने होत नाही. तो उष्णतेत काम करूनच होतो, पण मापात.

माप असं, आणि हे अमेरिकेच्याच नायॉश संस्थेने २०१६ मध्ये पुन्हा सांगितलेलं आहे: नव्या माणसाला पहिल्या दिवशी भट्टीवर पूर्ण वेळेच्या २० टक्केच, आणि पुढे रोज फार तर २० टक्क्यांनी वाढ. आठ तासांच्या शिफ्टमध्ये भट्टीवर प्रत्यक्ष पाच तास जात असतील तर पहिल्या दिवशी एक तास. उरलेला वेळ स्टोअर, पॅकिंग, शॉपच्या गार बाजूची कामं. पगार पूर्ण. इथे ठेकेदार वाद घालतो, की पूर्ण हजेरी देऊन तासभरच काम कसं? त्याच्याशी हे आधीच, लेखी करारात ठरवून ठेवा. भर शिफ्टमध्ये उभ्याने हा वाद तुम्ही हरता.

त्या दिवसांत नवा माणूस एकटा नको. जुन्या भट्टीवाल्याच्या जोडीला द्या आणि जुन्याला स्पष्ट सांगा, की हा गप्प झाला, चिडचिड करू लागला, विचारलं ते सोडून भलतंच बोलला, तर तुम्ही त्याला बाहेर काढायचं, कोणाला विचारत बसायचं नाही. पहिली खूण बहुधा वागण्यात दिसते, आणि ज्याला त्रास होतोय त्याला स्वतःला ती कळत नाही.

बाकावरची नाडी

रोजची मोजणी शॉपबाहेर सावलीतल्या बाकावर करा. माणूस हीट (भट्टीवरची एक खेप) संपवून येतो, हातमोजे काढतो, बसतो. बसल्या क्षणी घड्याळ लावा. पहिली तीस सेकंदं नुसती जाऊ द्या. तिसाव्या सेकंदापासून साठाव्यापर्यंत मनगटावरची नाडी मोजा आणि दुप्पट करा. हा पहिला आकडा. मग त्याला तसंच बसू द्या. गप्पा नकोत, विडी नको, आणि या तीन मिनिटांत पाणीही नको. अडीच मिनिटांपासून तीन मिनिटांपर्यंत पुन्हा मोजा, दुप्पट करा, हा दुसरा.

दुसरा आकडा ९० च्या खाली आला तर ठीक चाललंय. ९० च्या आसपास आहे, पण पहिल्यापेक्षा निदान दहाने उतरलाय, तर काम जड आहे पण शरीर सावरतंय. ९० च्या वरच राहिला आणि दोन्हींत दहाचाही फरक नाही, म्हणजे ११८ आणि ११२ असं काही आलं, तर पुढची पाळी, म्हणजे भट्टीवरची पुढची खेप, त्याला द्यायची नाही. काम करताना नाडी बराच वेळ १८० वजा वय यापेक्षा वर राहिली, म्हणजे चाळिशीच्या माणसाची १४० च्या वर, तर तिथेच थांबवायचं. एक-दोन दिवस केलं की बोटं सरावतात. चौघांना एकदम बसवलंत तर एकमेकांची मोजायलाही शिकतात, आणि त्यांना ते आवडतं.

तापमान तोंडातच घ्या, जिभेखाली, पाणी किंवा चहा पिऊन पंधरा मिनिटं झाल्यावर. म्हणून आधी नाडी, मग थर्मामीटर, मग पाणी. कपाळावर रोखायची पिस्तुलासारखी उपकरणं इथे बिनकामाची आहेत. घामाने ओल्या कपाळावर ती कमी दाखवतात आणि धगीने तापलेल्या कपाळावर जास्त. पाळी संपल्यावर तोंडातलं तापमान ३७.६ च्या वर असेल तर पुढची पाळी एक तृतीयांशाने कमी करा. ३८ च्या वर असेल तर काम बंद.

शिफ्टच्या आधी आणि नंतर वजन, जमेल तितक्या कमी आणि कोरड्या कपड्यांत. घट मूळ वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त नको. सकाळी ६४ किलो भरलेला माणूस सुटताना ६२.८ भरला तर त्याचं १.२ किलो पाणी भरून निघालेलं नाही. मर्यादा ९६० ग्रॅमची होती. त्याला रागावू नका. पाणी त्याच्यापासून किती पावलांवर आहे, ते मोजा. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला हवा, म्हणजे ते हात पोचेल तिथेच हवं. तासाला दीड लिटरच्या वर मात्र नको, रक्तातलं मीठ पातळ होऊन वेगळाच धोका होतो. ताक, मीठ घातलेलं लिंबू सरबत उत्तम. मिठाच्या गोळ्या नकोत. २५० हून जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात पिण्याचं पाणी थंड करून द्यावं, हे कारखाना अधिनियमाच्या कलम १८ मध्येच होतं.

हे सगळं एका वहीत, माणसागणिक एक पान. दहा-बारा दिवसांत आकडे खाली सरकताना दिसतात. ज्याचे सरकत नाहीत, रोज तेच ११८-११२ चालू राहतं, तो खरा शोधायचा माणूस. तुमच्या तपासणीचा निकाल हाच. त्याला डॉक्टरांकडे पाठवा, कारण सापडलं तर उपचार होतात; कधी नुसतं रक्त कमी असतं, कधी आजवर न कळलेली साखर. नाहीच जमलं तर त्याच पगारात मशीन शॉप, इन्स्पेक्शन, डिस्पॅच. त्याला घरी पाठवलंत तर दुसऱ्या दिवसापासून बाकीचे बाकावर येण्याआधी तोंडावर पाणी मारून, पाच मिनिटं मागे बसून येतील आणि तुमची वही खोटी होईल.

सुट्टीवरून परत येणारे

सवय जशी लागते तशी जाते. आठवडाभर भट्टीपासून दूर राहिलं की ती बरीच उतरते. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खानदेशात गेलेले, मेमधल्या लग्नांसाठी बिहार-उत्तर प्रदेशात गेलेले, तापातून उठलेले, हे सगळे "जुनेच आहेत" म्हणून थेट पूर्ण कामाला लावले जातात. अनुभवी माणसाचा परतीचा क्रम वेगळा आहे: पहिला दिवस ५० टक्के, दुसरा ६०, तिसरा ८०, चौथ्या दिवशी पूर्ण. हजेरीच्या यादीत सात दिवसांहून जास्त गैरहजेरी दिसली की नावापुढे लाल खूण आपोआप पडावी, अशी व्यवस्था टाइम ऑफिसमध्ये करून घ्या. सिंहस्थाच्या रस्ते-पुलांच्या कामांवर माणसं सतत बदलतात. तिथे बहुतेक जण कायम नवेच धरून चाला. उघड्यावर डब्ल्यूबीजीटीचं सूत्रही थोडं बदलतं: ओला बल्ब ०.७, काळा गोळा ०.२ आणि हवेचं तापमान ०.१.

कोणी पडलाच तर

असंबद्ध बोलणं, झोकांड्या, झटके, शुद्ध हरपणं आणि तापलेलं अंग म्हणजे उष्माघात, घाम येत असला तरीही. काम करताना होणाऱ्या उष्माघातात अंग कोरडं पडेलच असं नाही, त्याची वाट बघू नका. १०८ ला फोन एकाने करायचा आणि त्याच मिनिटाला बाकीच्यांनी गार करायला सुरुवात करायची. कपडे सैल, सावलीत, बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टाकीत मानेपर्यंत, डोकं धरून. टाकी नसेल तर पाण्याचा पाइप, ओली फडकी आणि मॅनकूलर. गाडी येईपर्यंत हे थांबवायचं नाही. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही. मोठी टाकी आणि बर्फ कुठून येणार, हे मार्चमध्येच ठरवून एकदा सराव करून घ्या.

असा माणूस बरा होऊन परत आला की घाई करू नका. दवाखान्यातून सुटल्यावर निदान सात दिवस कष्टाचं काम नाही, मग डॉक्टरांकडे पुन्हा रक्ताच्या तपासण्या, आणि त्या ठीक आल्यावर आधी गार जागेत हलकं काम, मग दोन आठवड्यांत हळूहळू वाढ. महिनाभरानेही त्याला धग सोसवत नसेल, तर उष्ण खोलीतल्या रीतसर चाचणीचा विचार डॉक्टर करतात. इस्रायली सैन्यात वापरली जाते ती चाचणी अशी आहे: ४० अंश आणि ४० टक्के आर्द्रतेत दोन तास ट्रेडमिलवर ताशी ५ किलोमीटर चालणं. शरीराचं आतलं तापमान ३८.५ च्या किंवा नाडी १५० च्या पुढे गेली, तर अजून सहन होत नाही असं मानतात. हे कारखान्याच्या आवारात कोणी करून बघायचं नाही. तो निर्णय होईपर्यंत त्याचं नाव भट्टीच्या यादीतून काढा, पगाराच्या यादीतून नाही.